बीड चांगलं असेल तर व्हाइस सुधारतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही जॉबवर्कच्या शेडमध्ये गेलात तर लेथ कुठल्या बनावटीचा, ड्रिल मशीन कधी घेतलं, हे मालक हौसेनं सांगतो. व्हाइसबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. तो दाराजवळच्या टेबलाला बोल्ट मारून बसवलेला असतो, त्याच्या पाठीवर चहाचा ग्लास ठेवलेला असतो, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त हात त्यालाच लागतात.

माझी फिटरकी आधी शिवाजी उद्यमनगरात आणि पुढं शिरोली एमआयडीसीत झाली. आता घरामागं पत्र्याचं शेड आहे. तिथं शेजारपाजारचे पाण्याचे पंप, कडबाकुट्टीची पाती, फवारणीचे पिस्टन असली कामं येतात. अलीकडं व्हाइसही येऊ लागलेत, तेही स्वस्तातले. कुणी ऑनलाइन मागवलेला असतो, कुणी लक्ष्मीपुरीतून आणलेला. "काका, नवाच हाय, पण धरतच न्हाई बघा," अशी सगळ्यांची एकच तक्रार असते.

खरं तर ही तक्रार कोल्हापुरात यायला नको. इथल्या यंत्रोद्योगाची गोष्ट म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या नावांनी सुरू होते. उसाला पाणी द्यायला लागणारी ऑइल इंजिनं या गावानं स्वतः ओतली, स्वतः घासली आणि महाराष्ट्रभर विकली. आजही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पट्ट्यात शेकडो फाउंड्री आहेत, ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे भाग रोज ओतले जातात. तरी दुकानातला स्वस्त व्हाइस येतो तो बहुतेक लुधियाना-जालंधरकडून, नाहीतर चीनमधून. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या किमतीत बनवणाऱ्यानं ओतकाम केलंय, आटे पाडलेत, रंग दिलाय. राहिलंय ते फिटरचं काम. ते आपण करायचं. सुधारणा करता करता जे हाताला कळलं ते इथं मांडतो.

१. रंग बघू नका, बीड बघा

व्हाइसमधलं बाकी सगळं बदलता येतं, ओतीव अंग तेवढं बदलता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी दहा मिनिटं त्यालाच द्या.

साध्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पोटात ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या असतात. त्यामुळं ते दाबाला भक्कम असतं, हादरे पचवतं, कापायला सोपं जातं. पण ओढ सोसायची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच. फाउंड्रीत 'एफजी २००' म्हणतात त्यातला २०० हा आकडा या ओढीचाच आहे, दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन. व्हाइस आवळला की दोन्ही जबडे एकमेकांपासून बाहेर ढकलले जातात आणि जबड्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला, नेमकी ओढ बसते. तुटलेला व्हाइस बघा, चीर तिथूनच सुरू झालेली असते. म्हणून मी पहिल्यांदा जबड्याच्या मुळाची जाडी बघतो आणि तिथं गोलाई दिलीय की सरळ काटकोनात कोपरा काढलाय ते बघतो. काटकोनी कोपरा असेल तर तो व्हाइस दुकानातच राहू द्यावा.

मग उलटा करायचा. वरून चकचकीत निळा किंवा हिरवा रंग असला तरी पोटाखाली कुणी फारशी मेहनत घेत नाही, त्यामुळं ओतकामाची खरी प्रत खाली दिसते. वाळू चिकटलेली असली तर हरकत नाही, ती निघते. ब्लो होल बारीक आणि विखुरलेले असले तरी चालतात. एकाच जागी झुंबड करून असतील, विशेषतः स्क्रूच्या नटाजवळ, तर नको. नखानं किंवा किल्लीच्या टोकानं रंगावर दाबून बघायचं. टोक रुतलं तर तिथं लांबी भरलीय. गाडीच्या डेंटवर भरतात तीच ही लांबी, आणि तिच्याखाली काय दडलंय ते देवाला आणि ओतणाऱ्याला ठाऊक.

शेवटी दोरीला टांगून किंवा दोन बोटांवर तोलून हातोडीनं हलकी टिचकी. अंगात चीर नसेल तर आवाज थोडा घुमतो, चीर असेल तर बद्द येतो. बीड मुळातच पोलादासारखं खणखणत नाही, तेव्हा शेजारचा दुसरा व्हाइस वाजवून दोन्ही आवाज ताडून बघायचे. दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावं.

बेंच व्हाइससाठी आयएस २५८६ हे भारतीय मानक आहे. खोक्यावर तो आकडा असला तर बरंच, पण आकडा बघून टिचकी मारायचं सोडू नका. आणि दोन व्हाइस सारख्याच मापाचे असतील तर जड असेल तो घ्या, याला अजून तरी मला अपवाद सापडलेला नाही.

२. आणल्याबरोबर बांधू नका, आधी खोला

हँडल उलटं फिरवत राहिलं की हलता जबडा स्लाइडसकट बाहेर येतो. स्क्रूची स्प्लिट पिन किंवा सर्कलिप काढली की स्क्रू मोकळा. मग अंगाच्या पोटात बोट घालायचं. बोटाला बारीक वाळू लागते, ती कोअरची. ओतताना पोकळी राहावी म्हणून आत वाळूचा गाभा ठेवलेला असतो. तो फोडून काढतात, पण कोपऱ्यांत उरतोच. कारखान्यात त्याच्यावरच ग्रीस थोपलेलं असतं. वाळू आणि ग्रीस मिळून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार होते, आणि आपण हँडल फिरवू तसतशी ती नटाचे आटे खात बसते. नवा व्हाइस वर्षभरात सैल होतो त्याचं निम्मं कारण हे.

सगळं डिझेलनं धुवायचं. पूर्वी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. वायर ब्रशनं कोपरे उकरायचे. स्लाइडवर आणि स्लाइड ज्यातून जाते त्या खोबणीत रंगाचे ओघळ असतात, ते स्क्रॅपरनं काढायचे. रंग असेल तिथं स्लाइड नीट सरकत नाही. मशिनिंग केलेल्या सगळ्या धारांवरून बारीक कानस एकदा फिरवायची. बर हाताला लागतो, आणि तुटला की थेट आट्यात जातो.

एवढ्यावरच निम्मे व्हाइस गप्प बसतात. लोक मला दुरुस्तीचे पैसे देतात ते बऱ्याचदा निव्वळ धुण्याचे असतात.

३. जोर कुठं जातो त्याचा हिशेब मांडा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, तेव्हा थोडा लांबेल.

समजा स्क्रू २० मिलिमीटरचा, आट्यांचं अंतर ५ मिलिमीटर. हँडल मधल्यापासून २०० मिलिमीटर बाहेर काढलंय आणि त्याच्या टोकाला तुम्ही २५ किलोचा जोर लावताय. कुठंच घर्षण नसतं तर जबड्यात सहा टनांच्या वर दाब आला असता. प्रत्यक्षात येतो बाराशे किलोच्या आसपास. उरलेला जोर घर्षणात जातो, आणि तो दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे नटाचे आटे. दुसरं ठिकाण कुणाच्या लक्षात येत नाही: स्क्रूचं डोकं जिथं हलत्या जबड्याच्या तोंडाला टेकतं ती जागा, म्हणजे कॉलर. नीट हिशेब केला तर हातातला जवळजवळ निम्मा जोर या कॉलरवर खर्च होतो. स्वस्त व्हाइसमध्ये ही जागा मशिनिंगच केलेली नसते, ओतलेल्या खडबडीत बीडावर स्क्रूचं डोकं घासत असतं. "धरतच न्हाई" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं.

कमीत कमी काय करायचं? हलत्या जबड्याचं तोंड लेथवर धरून स्क्रूच्या भोकाशी काटकोनात फेस करून घ्यायचं आणि मध्ये एक पितळेचा किंवा गनमेटलचा वॉशर टाकायचा. उद्यमनगरात हे काम चहा होईतो होतं.

त्यापुढची पायरी म्हणजे थ्रस्ट बेअरिंग. २० मिलिमीटरच्या शाफ्टला ५११०४ नंबरचं बॉल थ्रस्ट बेअरिंग बसतं: आतून २०, बाहेरून ३५, जाडी १०. पण ती १० मिलिमीटर जागा आणायची कुठून? जबड्यात खड्डा पाडला तर नेमकं बीड पातळ होतं. म्हणून मी सुयांचं बेअरिंग वापरतो, एएक्सके २०३५. ते २ मिलिमीटर जाडीचं असतं, दोन्ही बाजूंचे १-१ मिलिमीटरचे वॉशर धरून ४ मिलिमीटरमध्ये काम होतं. स्क्रू तेवढा बाहेर सरकतो, मागचं पिनचं भोक नवीन पाडायचं. बेअरिंग उघडं असतं, त्यामुळं भोवती नमद्याची किंवा रबराची रिंग हवीच, नाहीतर कानशीचा किस आत जाऊन सुया अडकतात.

बसवल्यावर हँडल एका बोटानं फिरतं. बघायला आलेली माणसं खूश होतात आणि इथंच सावध राहायला हवं. कॉलरचं घर्षण गेलं म्हणजे तेवढ्याच २५ किलोला दाब बाराशेवरून कागदावर तेवीसशेच्या घरात गेला. व्हाइसचं बीड तर तेच आहे. ओतणाऱ्यानं त्या अंगाची जाडी ठरवली ती वाईट कॉलर धरून. म्हणून पातळ मुळाच्या व्हाइसला मी बेअरिंग टाकत नाही, कितीही मागे लागले तरी. पितळी वॉशर टाकून परत पाठवतो.

(बेअरिंगमुळं आटे आपोआप सुटतील का, असं काहींना वाटतं. ५ मिलिमीटरच्या एकेरी आट्याला तशी भीती नाही, आट्यांतलं घर्षण त्याला धरून ठेवायला पुरतं. छिन्नी-हातोड्याचं काम सतत चालत असेल तर मात्र मधूनमधून आवळून बघावं.)

४. हँडलला पाइप घालायचा नाही

वरचा हिशेब वाचल्यावर वेगळं सांगायला नको. दोन फुटी पाइप म्हणजे जोर तिप्पट. हँडलची लांबी बनवणाऱ्यानं बीडाच्या ताकदीवर बेतलेली असते. हँडल हाच व्हाइसचा फ्यूज आहे. एक वेळ हँडल वाकलेलं बरं.

५. वर उचलणारा जबडा

जॉब धरला, आवळला, आणि हलता जबडा वरच्या बाजूनं मागं कलला. जॉब खालच्या धारेवर धरला जातो, वरून मोकळा. कानस मारली की थरथरतो, कुरकुरतो. स्वस्त व्हाइसचा हा ठरलेला आजार.

कारण साधं आहे. स्क्रू ओढतो खालून, जॉब ढकलतो वरून. स्लाइड खोबणीत जेवढी सैल तेवढी ती तिरकी होते: पुढचं तोंड खाली बसतं, मागचं शेपूट वर जाऊन टेकतं. अर्धा मिलिमीटर सैलपणा आणि १०० मिलिमीटर लांबीची खोबण असेल, तर स्लाइडच्या वर ६० मिलिमीटरवर असलेली जबड्याची वरची धार ०.३ मिलिमीटर मागं जाते. कानस धरणाऱ्याला ०.३ म्हणजे मैदान आहे.

यावर पत्र्याची पट्टी ठोकण्याचा उपाय सगळेच करतात. पट्टी आठ दिवसांत गोळा होऊन बाहेर येते. मला पटलेला उपाय असा: व्हाइसच्या अंगाला, पुढच्या तोंडापासून अंगठाभर आत, खालच्या बाजूनं दोन भोकं पाडून त्यात एम८ चे ग्रब स्क्रू बसवायचे. ते स्लाइडला खालून वर उचलून धरतात. शेपूट तर वर टेकलेलंच असतं, तेव्हा कलायला जागाच उरत नाही. स्लाइड डावी-उजवीकडं हलत असेल तर बाजूनं आणखी एक.

बारकावे तीन आहेत. जिथं भोक पाडायचं तिथं बीड १० मिलिमीटर तरी जाड हवं, नाहीतर आट्यांना पकड मिळत नाही. एम८ ला ड्रिल ६.८ चं, आणि बीडात ड्रिल कोरडंच चालवायचं, तेल-पाणी नको. ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं. ओतीव कातडीखाली कधी कधी चिल बसलेली असते, म्हणजे भट्टीतला रस साच्याला लागून झटकन थंड झाल्यामुळं काचेसारखी कडक झालेली जागा. तिथं ड्रिल नुसतं किंचाळतं. जोर देऊन उपयोग नाही, बोटभर बाजूला सरका.

तिसरा बारकावा म्हणजे ग्रब स्क्रूचं पोलादी टोक थेट स्लाइडवर टेकवायचं नाही, ते नांगरत जातं. आत पितळेची छोटी गोळी टाकायची, ६ मिलिमीटरच्या पितळी सळईचा तुकडा पुरतो. वरून लॉक नट. मग स्लाइडला तेलाचं बोट लावून हँडल पुढं-मागं फिरवत दोन्ही स्क्रू पाव-पाव फेऱ्यानं आवळायचे. जड व्हायला लागलं की किंचित मागं घ्यायचं. हे आवळणं हाताच्या अंदाजाचं काम आहे, घाई असलेल्या माणसानं ते दुसऱ्या दिवसावर टाकावं.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तिथं व्हाइसची स्लाइड बसवणं हे काही आभाळाला शिडी लावण्याचं काम नव्हे.

६. जबड्याच्या पट्ट्या

वहीच्या कागदाच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापा. जबड्याच्या चारी कोपऱ्यांत एकेक धरून व्हाइस हलका आवळा आणि एकेक ओढून बघा. चारही अडकल्या तर नशीबवान आहात. बहुतेक वेळा खालच्या दोन अडकतात आणि वरच्या सुटतात, किंवा डावीकडच्या दोन सुटतात. वरच्या सुटत असतील तर आधी मागच्या कलमातलं ग्रब स्क्रूचं काम पुरं करा, मगच पट्ट्यांना हात लावा. उलट क्रमानं गेलात तर दोन्ही कामं परत करावी लागतात.

पट्टी काढली की मागची बीडाची बैठक दिसते. ती अनेकदा जशी ओतली तशीच असते, रंगासकट. पट्टीच्या पाठीला ब्लू लावायचा, बैठकीवर दाबायची, जिथं निळा डाग उमटेल तो उंचवटा कानशीनं किंवा स्क्रॅपरनं काढायचा, परत ब्लू. संपूर्ण बैठक निळी व्हायची गरज नाही, चार कोपरे आणि मधला भाग टेकला की पुरे. स्क्रू बदलून अॅलन बोल्ट घाला. खोबणीचे स्क्रू पेचकसानं कधीच पुरेसे आवळत नाहीत.

सोबत आलेल्या पट्ट्या मऊ असतील, म्हणजे कानस सहज चावत असेल, तर नव्या करा. इएन८ च्या पट्टीच्या केल्या तरी वर्षानुवर्षं टिकतात. हौस असेल तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या करा. पाट्याचं सरळ टोक घ्यायचं, लालबुंद तापवून चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर ठेवायचं. सकाळी ते ड्रिलला मऊ लागतं. भोकं पाडून, घासून झाल्यावर परत तापवायचं. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडं लाल करून तेलात बुडवायचं. एवढ्यावर सोडलं तर पट्टी काचेसारखी फुटते, म्हणून एक बाजू चकचकीत घासून हळूहळू शेकायची. पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. तपकिरीचा जांभळा होऊ लागला की थांबायचं.

दातेरी पट्टी सगळ्या कामांना चालत नाही. पितळ, अॅल्युमिनियम, पॉलिश केलेला शाफ्ट धरायला वरून अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे टाकायचे. त्याहून मऊ हवं असेल तर कातडं. कोल्हापुरात चपलेचे कारागीर आहेत तोवर कातड्याच्या कापांची वाण नाही. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेलं ते जाड कातडं जबड्यात चेपून चेपून असं घट्ट होतं की नाजूक आट्यांचा बोल्टही त्यात ओरखडा न येता धरता येतो. अँगलच्या आतल्या बाजूला फेव्हिकॉलनं चिकटवा. तेल लागलं की सुटतं, परत चिकटवायचं.

७. पुरातून आलेला व्हाइस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीकडच्या शेडांमधली अवजारं पाण्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर एका शेतकऱ्यानं पोत्यात गुंडाळून व्हाइस आणला. मातीचा गोळाच होता. "ह्येचं काय हुतंय का बघा की, आज्ज्याच्या येळचा हाय." हँडल हलत नव्हतं.

गंजलेल्या व्हाइसला पहिला नियम म्हणजे हातोडा नाही. आधी पाण्यानं माती काढायची, वाळवायचं, मग आट्यांच्या जागी डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडत राहायचं, रोज थोडं. मधूनमधून हँडल दोन्ही बाजूंना हलवून बघायचं. हलेल तेवढंच हलवायचं.

सुटा झाल्यावर गंज काढायला आपल्या भागात एक जुनी युक्ती आहे, मळीची. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात लोखंड आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवलं की गंज गाळ होऊन खाली बसतो आणि चांगलं लोखंड जवळजवळ शाबूत राहतं. साखर कारखाने दाराशी असले तरी मळी बादलीभर सहज मिळत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. जनावरांच्या खाद्यासाठी आणलेली कुणाकडं असली तर बघावी. शिवाय वास. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर पिंप घरापासून लांब.

मी हल्ली लिंबूसत्व वापरतो. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, एक रात्र. त्याहून जास्त ठेवायचं नाही, ते चांगलं बीडही खायला लागतं. बाहेर काढल्यावर ब्रश, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच उन्हात किंवा गरम हवेखाली सुकवून तेल. पाच मिनिटं इकडंतिकडं केलीत तर डोळ्यांदेखत पिवळा गंज चढतो.

आज्ज्याच्या वेळचा तो व्हाइस धुतल्यावर असा निघाला की मी त्याला नवा देऊन तो मागून घ्यावा असं मनात आलं. मुळाशी भरघोस गोलाई, चौकोनी आटे, नट अजून घट्ट. शेतकरी हुशार होता, त्यानं माझा चेहरा ओळखला आणि व्हाइस पोत्यात घातला.

८. टेबल

डुलणाऱ्या टेबलावर चांगला व्हाइसही वाईट. ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचा सांगाडा, वर १० मिलिमीटरची प्लेट किंवा दोन इंची लाकूड, आणि व्हाइस टेबलाच्या मध्यावर नाही तर पायाच्या डोक्यावर. लाकडाचे स्क्रू नकोत. आरपार बोल्ट, खाली रुंद वॉशर.

कळंबा रोडवरच्या आयटीआयमध्ये जा नाहीतर दुसऱ्या कुठल्या, फिटरच्या पोराला उंची अशीच शिकवतात: व्हाइससमोर उभं राहा, हात कोपरात मोडून मूठ हनुवटीखाली धरा, कोपर जबड्याच्या वरच्या धारेला टेकलं पाहिजे. घरात दोन उंचीची माणसं काम करत असतील तर उंच माणसाचं माप घेऊन बुटक्याला फळी द्या.

स्थिर जबड्याची पट्टी टेबलाच्या काठाच्या किंचित बाहेर यायला हवी, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. छिन्नीचा घाव मारायचा तो नेहमी स्थिर जबड्याच्या दिशेनं. आणि स्वस्तातला फिरत्या बेसचा व्हाइस घेऊ नका. फिरण्याची सोय वर्षातून दोनदा लागते आणि तिचं डुलणं-हलणं मात्र रोज सोसावं लागतं.

९. ग्रीस आट्यांना, तेल स्लाइडला

स्लाइडवर ग्रीस थापलं की ग्राइंडरची धूळ त्यात बसते आणि दुसऱ्या कलमातली पेस्ट आपण घरीच तयार करतो. स्लाइड पुसून पातळ तेलाचा हात. आट्यांना ग्रीस, तेही जुनं पुसून. हँडलच्या दोन्ही टोकांना एकेक ओ-रिंग घाला: खणखणाट थांबतो आणि हँडल खाली घसरताना चिमटीत सापडणारी कातडी वाचते.

१०. तुटलाच तर

साध्या एमएसच्या रॉडनं बीडाला वेल्डिंग मारू नका. वरून सांधा छान दिसतो आणि थंड होता होता त्याच्याच कडेनं नवी चीर जाते. गॅसवर पितळ भरून घेणं उत्तम. विजेचं वेल्डिंगच करायचं तर निकेलचा रॉड, आधी संपूर्ण तुकडा तापवून, इंचा-इंचाचे टाके, प्रत्येक टाक्यावर हलक्या हातोडीचे ठोके, आणि शेवटी चुन्यात पुरून सावकाश थंड. जबड्याच्या मुळाशी तुटलेला असेल तर यातलं काहीच भरवशाचं नाही.

तिथं मात्र कोल्हापूरकराला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला सहजी नाही. तुटलेला हलता जबडा जोडून, तोच पॅटर्न म्हणून एखाद्या छोट्या फाउंड्रीत द्यायचा. इतर माल ओतताना एक साचा तुमचाही घालतात. बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसतं, म्हणजे दीड वितीच्या तुकड्याला तीनेक मिलिमीटर. शिवाय जिथं मशिनिंग करायचं तिथं दोन-तीन मिलिमीटर जास्तीचं हवं. तेवढा लेप लांबीनं जुन्या तुकड्यावर आधी चढवायचा. लांबीचा हा एवढा एकच उपयोग मला मान्य आहे. आणि ओतायचंच आहे तर एसजी आयर्न मागा. त्यात ग्रॅफाइट पापड्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं, त्यामुळं ओढ झेपते, आणि वाकायची वेळ आली तर आधी वाकतं, मग तुटतं. मुळाशी गोलाई वाढवून घ्यायला लांबीचा लेप उपयोगी येतोच.

११. किती खर्च करायचा

धुणं, फेसिंग, पितळी वॉशर, ग्रब स्क्रू, बोल्ट, ओ-रिंग, एवढं कुठल्याही व्हाइसला करावं. साहित्य फार नाही, वेळ जातो. बेअरिंग आणि नव्या पट्ट्या जाड बीडाच्या व्हाइसलाच. नवा जबडा ओतण्यापर्यंत वेळ आली तर आधी भंगारवाल्याकडं एक चक्कर मारा. बंद पडलेल्या कारखान्यांतले जुने सहा इंची व्हाइस तिथं किलोच्या भावानं पडलेले असतात. जाताना हातोडी बरोबर न्या.